सहा दारं आणि एक पूर्णवेळ पदवीधर

...नाही, वासाचं मला काही सांगू नका! वासाला मी सरावलोय. मी बोलतोय ते त्या जाहिरातीबद्दल. चांगला माणूस होतो हो मी, बी.ए., पॉलिटिकल सायन्स, सेकंड क्लास, शर्टाला इस्त्री, खिशाला पेन... आणि आज तुमच्यासमोर कोण उभाय? उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या मागच्या गल्लीतल्या लेडीज संडासाचा राष्ट्रीय माणूस! हसू नका. जाहिरातीत ह्यातलं अक्षर नव्हतं. कापून ठेवलीय मी, ही बघा, पाकिटात असते, घडीवर फाटलीय पण वाचता येतं... 'राष्ट्रसेवेसाठी स्थानिक सामाजिक संस्थांमध्ये युवक-युवती पाहिजेत. पूर्णवेळ. कालावधी एक वर्ष. पदवीधरच पाहिजे.' दोन हजार चार साल, मी घरी बसलेला, दोस्त आकाश बारावी नापास होऊन आनंदनगर एमआयडीसीत सुपरवायझर झालेला, आणि तेवढ्यात सगळ्या देशाला एकदम पदवीधर पाहिजे झाला! मी म्हटलं, चला, कोणाला तरी पाहिजे आहोत.

आणि आमच्या घरात पदवी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. आमचे आजोबा मुंबईला सफाई खात्यात. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या आमच्या बाबांना, म्हणजे रामभाऊंना, तेव्हा ते एवढेसे, समोर उभं करून म्हणाले, 'ह्या घरात माझ्यामागं कोणी हातात झाडू धरणार नाही. कोणाचा संडास धुणार नाही.' बाबा मग अंबरनाथला एका कारखान्यात फिटर झाले, तेहतीस वर्षं लोखंड घासलं, आणि माझी पदवी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. रोज सकाळी पुसतात. काच पुसून पुसून सर्टिफिकेटवरचं विद्यापीठाचं नाव फिकं दिसायला लागलंय. अशा घरातून मी निघालो, अंबरनाथ वेस्टहून शेअर रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसून, राष्ट्रसेवेला.

संस्थेचं नाव पहाटवारा महिला प्रबोधन मंडळ. जीन्सच्या कारखान्यावर एक खोली, खाली दिवसभर पंचवीस शिलाई मशिनी घर्र्र करतात, त्यामुळे मंडळात जो तो ओरडूनच प्रबोधन करतो. एकट्या माई ओरडत नाहीत. माई म्हणजे अध्यक्षा. बदलापूरला सोनिवलीत नवीन सोसायटीत राहतात, मिस्टर कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर, खादीची साडी, कपाळावर एवढंसं कुंकू, आणि बोलणं असं... 'प्रमोद, बाळा, ही नोकरी नाही हं. हे व्रत आहे.' मी म्हटलं, माई, व्रताची वेळ काय? 'अरे, व्रताला वेळ असते का?' तिथंच मला कळायला पाहिजे होतं!

पहिल्या दिवशी काय केलं मी? खोलीचे पंखे पुसले. दुसऱ्या दिवशी? माईंच्या गॅसचा नंबर लावायला बदलापूरला गेलो. तिसऱ्या दिवशी चार्ट पेपरवर स्केचपेननी कमळ काढलं, ते माईंना आवडलं नाही, परत काढलं. अहो, ह्याला पदवीधरच पाहिजे?

मग मला साक्षरता वर्ग दिला. कागदावर सहा वर्ग, प्रत्यक्षात एक. 'बाकीचे पाच प्रस्तावित आहेत हं, प्रमोद.' वर्ग प्रस्तावित, पण फळे मात्र आले होते, सहाच्या सहा, चांगल्या प्लायवुडचे, चार फूट बाय तीन फूट, काळा रंग दिलेले, खोलीत भिंतीला टेकून उभे. त्यातला एक मी वापरायचो. चाळीस बायका यायच्या. सगळ्या धागा कटिंगवाल्या. म्हणजे काय, की शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे कारखान्यातून आणायचे आणि लोंबणारे धागे बारक्या कटरनं कापायचे. वर्गात गठ्ठे घेऊनच यायच्या. मी फळ्यावर 'क' काढतोय, वळून बघतो तर चाळीस माना खाली, चाळीस कटर, कच् कच् कच् कच्! मी म्हणायचो, ताई, वर बघा. त्यांची पुढारी इंदुबाई, एवढ्या जाड काचेचा चष्मा, ती म्हणायची, 'तुमी बोला ओ सर, कान हायेत की आमाला. आणि रिकामे उभे राहू नका, ही घ्या पँट, हात चालवा.' आणि तुम्हाला सांगतो, आठव्या दिवशी मी बसलो खाली आणि धागे कापायला लागलो. चार महिन्यांत 'क'च्या पुढं वर्ग सरकला नाही, पण माझा हात असा बसला, असा बसला, की खालचा शेठ जिन्यात गाठून म्हणाला, 'साईं, तुम हमारे यहाँ क्यूँ नहीं आते? ग्रॅज्युएट लोगों को भी रखते हैं हम.'

मग ट्रेनिंग! बदलापूरला तीन दिवस, गोल करून बसायचं, एकमेकांचे हात धरायचे, आणि शिकायचं काय, तर सहभागी पद्धत. म्हणजे लोकांना काय पाहिजे ते आपण सांगायचं नाही, त्यांनी ठरवायचं. कसं? वालाच्या दाण्यांनी! जमिनीवर चित्रं मांडायची, नळ, दवाखाना, शाळा, दारूची बाटली, संडास, पाटी-पेन्सिल. प्रत्येक बाईला पाच दाणे. जिथं दुखतंय तिथं दाणे टाका. पेन नको, अक्षर नको. मला आवडलं हो ते! खोटं कशाला बोलू, चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की इथं पॉलिटिकल सायन्सचा उपयोग आहे.

मांडलं मी. चाळीस बायका, दोनशे दाणे. आणि दोनशेच्या दोनशे दाणे कुठं पडले असतील? संडास! बाकी चित्रांवर एक दाणा नाही. दारूच्या बाटलीवर तरी पडेल ना एखादा? नाही!

आता त्या संडासाचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे. बायकांच्या बाजूला सहा खोल्या. बांधला कोणी? एका उमेदवारानं, निवडणुकीच्या आधी, नारळ-बिरळ फोडून. मग तो पडला. आणि पडल्यावर त्या माणसानं काय करावं? भिंती नेता येत नाहीत, भांडी उचकटता येत नाहीत, म्हणून हा माणूस टेम्पो घेऊन आला आणि दारं काढून घेऊन गेला! सहाच्या सहा! 'मतं दिली नाहीत ना, बसा आता उघड्यावर.' तेव्हापासून बायका जोडीनं जायच्या. एक आत, एक बाहेर पदर ताणून उभी. आणि हे काय आज-काल नाही, सहा वर्षं!

मी दाण्यांचा निकाल घेऊन माईंकडे पळत गेलो. माईंनी वाचला. चष्मा काढला. 'प्रमोद, आपला प्रकल्प साक्षरतेचा आहे ना? मग दाणे पाटी-पेन्सिलवर पडायला हवेत.' मी म्हटलं, पण माई, त्यांनी ठरवायचं ना? 'हो, त्यांनीच ठरवायचं. पण योग्य ते ठरवायचं. तू असं कर, ते संडासाचं चित्र काढून टाक आणि परत घे.' मी परत वाल घेऊन गेलो, कारण पहिले दोनशे दाणे बायका घरी घेऊन गेल्या होत्या, उसळ करायला. चित्र काढून टाकलं. तर ह्या बायकांनी जिथं आधी ते चित्र होतं ना, त्या रिकाम्या फरशीवर दाण्यांचा ढीग घातला! इंदुबाई म्हणते, 'सर, चित्र नेलंत म्हणून संडास गेला का? पुढच्या बारीला मूग आणा, वालानं वात होतो.' तिसऱ्यांदा मूग. तेच. माई म्हणाल्या, 'तुझं सादरीकरण कमी पडतंय. एक लक्षात ठेव, प्रमोद, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्रावर सही मी करते.' धमकी हो, सरळ धमकी, पण आवाज असा की तीर्थ देतायत!

आणि मी गप्प बसलो. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, पण गप्प बसलो. म्हटलं जाऊ दे, सात महिने राहिलेत, प्रमाणपत्र घ्यायचं आणि सुटायचं. कागदावर लिहून टाकलं, पाटी-पेन्सिल, एकशे बारा दाणे. एकशे बारा! तो आकडा मी रिक्षात बसून ठरवला.

मग वेणू पडली. वेणू म्हणजे इंदुबाईची सून, एकोणीस वर्षांची, सातवा महिना, पहिलंच. वर्गात धागे कापता कापता आडवी झाली, कटर एकीकडे, पँट एकीकडे. गल्लीतल्या डॉक्टरनं बघितलं आणि ओरडलाच, 'पाणी पीत नाही का ही? ओठ बघा! दोन जिवांची बाई, दिवसाला दहा-बारा ग्लास पाणी पाहिजे, नाहीतर ॲडमिट करावं लागेल, मग पोराचं काय होईल मी सांगू शकत नाही.' इंदुबाई खाली बघून म्हणाली, 'पाणी आहे ओ डॉक्टर. पिईल ती. पण मग जाईल कुठं? ती दिवसभर थेंब घेत नाही. सकाळी एकदा माज्याबरोबर जाते, मी पदर धरते. समोर पोरं क्रिकेट खेळतात.'

तुम्हाला सांगतो, मला किळस आली. त्या संडासाची नंतर, आधी माझी. ही पोरगी तहान मारून बसलीय आणि मी रिक्षात बसून दाणे मोजतोय, एकशे बारा! कसला पदवीधर? वेणूनं तीनदा तिचे पाच दाणे टाकले होते, पंधरा दाणे, तोंडानं एक शब्द बोलली नव्हती. डोकंच फिरलं माझं. तसाच जिना चढून वर गेलो, खोलीत कोणी नव्हतं, भिंतीला सहा फळे उभे. खाली संडासाला दारं किती पाहिजेत? सहा!

आता दार बसवायचं म्हणजे काय, हे बी.ए.ला नसतं. हार्डवेअरच्या दुकानात गेलो, म्हटलं बिजागऱ्या द्या. 'कितने इंच?' मला काय माहीत? मी हातानं दाखवलं, एवढ्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण बसवले हो मी! फळा उभा केला की चार फूट, खाली एक वीत मोकळं, वर उभं राहिलं की डोकं दिसतं, पण बसल्यावर काही दिसत नाही, आणि तेवढंच तर पाहिजे होतं! इंदुबाई बाजूला उभी राहून बायकांना सांगत होती, 'सर बसवतायत. हसू नका गं.' म्हणजे हसण्यासारखं होतंच. पहिल्याच दिवशी बनूबाई नावाची म्हातारी अर्धा तास आत अडकली, कारण कडी मी बाहेरून लावली होती.

आणि अंबरनाथला बातमी पोचायला किती वेळ लागतो? एक शेअर रिक्षा! बाबांना कोणीतरी सांगितलं, 'रामभाऊ, तुमचा प्रमोद कॅम्प तीनला लेडीज संडासाशी दिसला, हातात स्क्रू ड्रायव्हर होता.' रविवारी सकाळी बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, विहारात जातानाचा. मी तेव्हा गुडघ्यावर, तीन नंबरच्या दाराशी, शर्टावर घाण, बाजूला झाडू, कारण झाडल्याशिवाय बसताच येत नव्हतं. बाबांनी झाडूकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, आणि आवाज चढवला नाही हो त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं... 'माझ्या बापानं हे टाकलं. मी तेहतीस वर्षं ह्याच्यापासून लांब राहिलो. आणि तू पदवी घेऊन परत इथं आलास?'

मी काय सांगणार? राष्ट्रसेवा? इंदुबाईच मध्ये पडली. 'दादा, सर संडास साफ करायला नाय आले. माज्या सुनंनं पाणी प्यावं म्हणून आलेत.' आणि वेणूला पुढं केलं. वेणू उभी, पोट पुढं, पदर दातात. बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं. दारापाशी गेले, हातानं दार हलवलं, ते कर्र करून त्यांच्या हातातच आलं. आणि मग तेहतीस वर्षांचा फिटर जागा झाला की हो! 'ही बिजागरी? ही कपाटाची बिजागरी आहे! आणि उलटी लावलीस! आणि काळी बाजू आत? बायकांनी आत बसून गणितं सोडवायची का? पदवीधरच पाहिजे होता ना ह्यांना? मग स्क्रू तरी सरळ पिळ!' पांढरा शर्ट काढला, घडी केली, इंदुबाईच्या हातात दिला, आणि बनियनवर दुपारी तीनपर्यंत सहाच्या सहा दारं काढून पुन्हा बसवली. काळी बाजू बाहेर, कडी आत. झाडूला मात्र हात लावला नाही. झाडायचं आलं की लांब उभे राहायचे आणि मला नुसतं बोट दाखवायचे.

इथपर्यंत ठीक. आता पुढचं ऐका, कारण ह्याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही.

त्या संडासाला सकाळी रांग असते. रांग बायकांची नाही, डब्यांची. बाई डबा ठेवून जाते चूल पेटवायला, नंबर तिच्या डब्याचा. पण डबे सगळे सारखे, एकाच कंपनीचे तेलाचे! म्हणून रोज भांडण, 'हा डबा माझा!' 'तुझा कुठला, माझ्या डब्याला पोचा आहे!' 'माझ्यालापण आहे!' आता समोर सहा काळेकुळकुळीत फळे बघितल्यावर इंदुबाईनं काय केलं, माझ्या वर्गातला खडू आणला आणि एक नंबरच्या दारावर लिहिलं, इं. तिला तेवढंच येत होतं, रेशनकार्डावरचं बघून बघून. म्हणाली, 'ह्या दारावर पयला नंबर माजा. डबे-बिबे गेले खड्ड्यात.' दुसऱ्या दिवशी वेणूनं मला विचारून चार नंबरवर लिहिलं, वे. आणि नियमच झाला. ज्या बाईचं नाव दारावर, तिचा नंबर. जिला लिहिता येत नाही, ती मागं.

अहो, बघा म्हणजे काय झालं! चार महिने घसा कोरडा केला, 'क'च्या पुढं सरकल्या नव्हत्या, त्या बायका दुपारी मला घेरून उभ्या, 'सर, विठा कसं लिवायचं? लवकर सांगा, उद्या सकाळी पायजे!' विठा आणि विमल दोघींनी 'वि' लिहिलं तर मारामारी, म्हणून दोघींना पूर्ण नाव शिकावं लागलं. तिसरी 'वि' आली तर आडनाव! एकीनं दुसरीचं नाव पुसून आपलं लिहिलं, तर ती वाचायला शिकली, चोरी पकडायला! बारा दिवसांत, तुम्हाला सांगतो, बारा दिवसांत चाळीसच्या चाळीस बायका नाव लिहायला आणि वाचायला लागल्या. बनूबाईसुद्धा, वय वर्षं एकाहत्तर. कटर ठेवून द्यायच्या हो खाली! माझ्या वर्गात पहिल्यांदा शांतता.

आणि तेवढ्यात तपासणी! भल्या सकाळी वरून साहेब येणार, माई सोनिवलीहून रिक्षा करून आल्या, गुलाबाचं फूल, फाइल, आणि खोलीत बघतात तर फळे गायब. माईंचा चेहरा असा उतरला... 'प्रमोद, फळे?' मी म्हटलं, वापरात आहेत. 'कुठे?' मी सांगितलं. माई खुर्चीवर बसल्या. 'सरकारी फळे? शौचालयाला? तुझं प्रमाणपत्र विसर तू.' तेवढ्यात साहेब जिन्यात! साहेब म्हणतात, वर्ग बघू या, महिला कुठे आहेत? आणि महिला त्या वेळेला कुठे असणार? मी म्हटलं चला, जे व्हायचं ते होऊ दे.

साहेबांनी आधी नाकाला रुमाल लावला. मग दारं बघितली. एक नंबरवर, इंदुबाई, विठा, बनू. चार नंबरवर, वेणू. आणि समोर दोन बायका हमरीतुमरीवर, 'वाच ना, काय लिवलंय वाच!' साहेबांनी रुमाल काढला. 'ह्या सगळ्या लिहू शकतात? कुठली पद्धत ही?' मी तोंड उघडणार, तेवढ्यात माई पुढं, तोच तीर्थ द्यायचा आवाज, 'सर, प्रतीक्षाकाळाचा शैक्षणिक उपयोग. आमच्या मंडळाचा अभिनव उपक्रम. आम्ही सहभागी पद्धतीनं ठरवलं. दाणे टाकून.' दाणे टाकून! मी इंदुबाईकडे बघितलं. इंदुबाई म्हणाली, 'हो हो. वाल.'

वर्ष संपलं. प्रमाणपत्र मिळालं, माईंच्या सहीचं. आत काय लिहिलंय? 'शौचालय-साक्षरता कार्यात उल्लेखनीय पूर्णवेळ सेवा.' आता हे कुठल्या इंटरव्ह्यूत दाखवू मी? आकाशला दाखवलं, तो आनंदनगरच्या गेटवर हसून हसून खाली बसला. आणि वेणूला मुलगा झाला, साडेसहा पौंडाचा, ठणठणीत. ती आता तांब्यानं पाणी पिते, माझ्यासमोर मुद्दाम पिते. बाकी सगळं जाऊ दे, ते मला बघायला बरं वाटतं.

आणि परवा नवी जाहिरात आली. तीच संस्था. पूर्णवेळ. एक वर्ष. पदवीधरच पाहिजे. आणि खाली एक ओळ वाढवलीय, 'शौचालय-साक्षरतेचा किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक.' आता मला सांगा, अख्ख्या भारतात असा माणूस किती? एक! पुरुषांच्या बाजूची सहा दारं, शेजारच्या दोन गल्ल्यांतली बारा, असे अठरा फळे आलेतसुद्धा, भिंतीला टेकून उभे आहेत!

भरला फॉर्म. काय करणार? घरी नेऊन बाबांसमोर ठेवला, म्हटलं आता पदवी फ्रेममधून काढून माझ्या डोक्यात घालणार. बाबांनी चष्मा लावला, सगळा वाचला, खालून वर, वरून खाली. मग उठले, फ्रेम पुसली, कॉटखालची फिटरकामाची जुनी पत्र्याची पेटी ओढून माझ्या पायाशी आणली आणि म्हणाले, 'पदवी राहू दे घरी. पाने आणि पेचकस घेऊन जा.'